अडचणीच्या जागेतून फिफ्थ व्हील काढायला: पिकअप की लोडरवाला ट्रॅक्टर?

फिफ्थ व्हील म्हणजे ज्याचं नाक पिकअपच्या मागच्या हौद्यात टेकतं असा मोठा ट्रेलर. तो पिकअपने हलवावा की पुढे वर-खाली होणारे हात (लोडर) असलेल्या ट्रॅक्टरने? अमेरिकेत ज्यांच्याकडे अंगण आणि छोटा फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रॅक्टर दोन्ही आहेत, त्यांच्यापुढेच हा प्रश्न येतो. ट्रेलरच्या नाकासमोर 20-25 फूटच मोकळे असले की पिकअप जवळजवळ काटकोनात वळवावी लागते, आणि गाडं तिथेच अडतं.

ट्रेलरची रुंदी साधारण 100 इंच, म्हणजे किंगपिनपासून (नाकाखालची जोडणीची खुंटी) बाजू 50 इंचांवर. आखूड बेडच्या (हौद्याच्या) पिकअपमध्ये पिन ते केबिन अंतर याहून कमी, त्यामुळे वळताना ट्रेलरचा कोपरा मागच्या काचेत घुसतो. कोपरे गोलसर असतील तर थोडी सवलत मिळते. उपाय म्हणून सरकती हिच, म्हणजे हौद्यात पिन धरणारी आणि पुढे-मागे सरकणारी जोडणी, येते. पण हाताने सरकवायची हिच मागे घेताना ट्रेलरचे ब्रेक दाबून धरायचे, खटका ओढायचा आणि पिकअप सरळ पुढे न्यायची. नेमकी ती सरळ जागाच इथे नसते! माझा निकाल या एका कटकटीने ट्रॅक्टरच्या बाजूने लावला. आपोआप सरकणारी हिच हा त्रास वाचवते, पण ती महाग आणि जड.

लोडरच्या पुढे बॉल बसवला आणि किंगपिनवर गूजनेक अ‍ॅडाप्टर (पिन बॉलवर बसवणारा जोड) चढवला, की पिन डोळ्यांसमोर राहते, बोनेट कोपऱ्यापासून लांब राहतं आणि लोडरने उंची इंचाइंचाने जुळवता येते. ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री-पॉईंटला (अवजारं जोडायच्या जागेला) मात्र बॉल लावू नये असं वाटतं. ट्रेलरचं नाक ट्रॅक्टरच्या रोलबारला आदळतं, आणि बॉल आणखी मागे नेला तर पुढची चाकं हलकी होऊन स्टिअरिंग ऐकत नाही.

वजनाचा हिशोब आधी करा. 4,500 किलोच्या ट्रेलरचे साधारण 20 टक्के, म्हणजे 900 किलो पिनवर येतात. लोडर तेवढं पेलतो का, हे बॉल जिथे येणार त्या अंतराला पाहा. नाकाखालचा सामानाचा कप्पा रिकामा करा. ट्रॅक्टरच्या मागे वजन टांगायलाच हवं, कारण छोट्या ट्रॅक्टरचे ब्रेक सहसा मागच्याच चाकांना असतात. पुढच्या भाराने ती हलकी झाली की ब्रेक नावापुरतेच. फोर-व्हील घातलेला ठेवा. अ‍ॅडाप्टर लांब असेल तर पिनबॉक्सवर (पिन बसवलेल्या सांगाड्यावर) पीळ वाढतो, म्हणून तो फक्त अंगणापुरता, रस्त्यावर नको.

उताराची जागा असेल तर मात्र पिकअपच बरी. ट्रॅक्टरला ट्रेलरच्या ब्रेकची तार जोडलेली नसते. अडीनडीला ब्रेकअवेची, म्हणजे ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक लावणाऱ्या स्विचची, पिन ओढली तर चाकं धरतात, तीही ट्रेलरची बॅटरी भरलेली असेल तर. ती आधी तपासा, आणि लाकडी ठोकळे हातात घेतलेला माणूस चाकांजवळ, पण ट्रेलरच्या वाटेबाहेर उभा करा.

दोन्हीत एक गोष्ट समान: जागीच वळवल्यावर ट्रेलरच्या एकामागोमाग बसवलेल्या जोडचाकांचे टायर आडवे घासून पिळलेले राहतात. ट्रेलर सोडण्याआधी तो दोन-तीन मीटर सरळ चालवून घ्या, म्हणजे स्प्रिंगांवरचा ताण उतरतो.