शिंगराला शांत करणारी मॅग्नेशियम पावडर: पाच महिन्यांच्या अनुभवानंतर

आधी निकाल सांगतो: पावडर वाईट नाही, पण शिंगरात जो फरक पडला तो तिच्यामुळे नाही. डबा संपल्यावर पुन्हा मागवलेला नाही.

शिंगरू अडीच वर्षांचं, काठेवाडी, खच्ची न केलेलं. वजन फितीने काढलं: छातीचा घेर 158 सेंमी, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी 143 सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले 11,880, म्हणजे साधारण 300 किलो. तक्रारी नेहमीच्याच: गोणी दिसली की बिचकणं, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना चावायला येणं, लांब दोरीवर फिरवताना उधळणं.

डब्यावर मात्रा रोज 30 ग्रॅम, त्यात मॅग्नेशियम ऑक्साइड 30 टक्के. हा आकडा फसवा आहे. 9 ग्रॅम ऑक्साइडमध्ये प्रत्यक्ष मॅग्नेशियम साडेपाच ग्रॅमच्या आतच. घोड्याची रोजची गरज किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे इथे साडेचार ग्रॅम. वाढीसाठी आणि कामासाठी थोडं जास्त धरा. पण सहा किलो वाळल्या गवतात 0.2 टक्के मॅग्नेशियम धरलं, तरी 12 ग्रॅम आधीच पोटात जातंय. कमतरता नसेल तर वरचं शेणा-लघवीतून बाहेर. पहिले सहा आठवडे चंदीला (रोजच्या दाण्याच्या खुराकाला) हात न लावता फक्त पावडर चालवली. बिचकणं जसंच्या तसं.

मग पावडर थांबवून चंदी तपासली, आणि खरा घोळ तिथे निघाला. रोज 3 किलो जव आणि 1 किलो हरभरा, दोन वेळांत. जवात निम्म्याहून जास्त स्टार्च, हरभऱ्यात साधारण 40 टक्के. एका वेळेला जवळजवळ 1 किलो स्टार्च, म्हणजे वजनाच्या किलोमागे 3 ग्रॅमच्या वर. 2 ग्रॅमच्या पुढे लहान आतड्याला तो पचवणं जमत नाही. उरलेला मोठ्या आतड्यात आंबतो, आम्ल वाढतं, पोट दुखतं, आणि जनावर ‘तापट’ दिसतं.

नवी चंदी: जव 1 किलो आणि भिजवलेला हरभरा 600 ग्रॅम, तीन वेळांत; वाळलेला लसूणघास (ल्यूसर्न चारा) 2 किलो, तेल 100 मिली. हा बदल दोन आठवड्यांत हळूहळू. तेल 25 मिलीपासून सुरू करा आणि प्रत्येक मिलीमागे 1 ते दीड युनिट जीवनसत्त्व ई वाढवा. गवत नेहमी चंदीच्या आधी, आणि पोट चार-पाच तासांहून जास्त रिकामं नको. तिसऱ्या आठवड्यापासून तंग आवळताना कान मागे जाणं कमी झालं, दोरीवरचं उधळणंही. प्रामाणिकपणे सांगायचं तर एकूण ऊर्जाही घटली होती, त्यामुळे सगळं श्रेय स्टार्चला देता येत नाही. वाढत्या शिंगराची फीत म्हणूनच दर पंधरा दिवसांनी घ्या. बरगड्या दिसायला लागल्या तर लसूणघास वाढवा, जव नको.

पावडरीचा दुसरा वैताग म्हणजे कडू चव. कोरड्या दाण्यात ती गव्हाणीच्या तळाशी राहते. लोक सरळ गव्हाच्या कोंड्यात कालवतात, आणि हे रोज चाललं तर घातक आहे. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळपास दहापट. वाढत्या हाडातून कॅल्शियम ओढलं जातं, जबडा सुजतो, चाल लंगडी होते. मूठभर लसूणघास भिजवून त्यात कालवा.

दोन पूरक मिश्रणं एकदम चालू असतील तर दोन्ही लेबलांवरचं सेलेनियम हे खनिज जोडून बघा. आयाळ-शेपटीचे केस झडणं आणि खुरांना आडव्या चिरा ही जास्त झाल्याची खूण. ट्रिप्टोफॅन (शांत करण्यासाठी घालतात ते अमिनो आम्ल) घातलंय पण किती ते छापलेलं नाही, असा डबा घेऊच नका. कमी मात्रेत ते उलट अस्वस्थ करू शकतं.

वागणूक मोजायची तर रोज त्याच वेळी, चंदीच्या आधी, त्याच मोतद्दाराच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) हाती, त्याच गोणीसमोरून न्या आणि किती वेळा बिचकलं ते मांडा. एका वेळी एकच बदल. सारंगखेड्याच्या बाजारातून नुकतं आणलेलं शिंगरू असेल तर आधी दोन आठवडे जुनीच चंदी चालू ठेवा, नाहीतर पोटशूळ ठरलेला. शेजारी माजावरची घोडी बांधली असेल तर डबा उघडण्याआधी जागा बदला. आणि चंदी बदलूनही तंगाला चावणं थांबलं नाही, तर पशुवैद्याकडून जठराची दुर्बीण तपासणी करून घ्या. जखमा असल्या तर कुठलीच पावडर पुरत नाही.