सी पाइन्स की हिल्टन हेड प्लँटेशन?

दोन्ही वसाहती अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातल्या हिल्टन हेड बेटावर, दोन्हींना फाटक आणि पहारेकरी. दोन्हींची जमीन पूर्वी गुलामांकडून कापूस पिकवून घेणाऱ्या मळ्यांची, म्हणजे ‘प्लँटेशन’ची. फरक आहे तो राहण्याच्या तऱ्हेत.

सी पाइन्स दक्षिण टोकाला. १९५०च्या दशकात चार्ल्स फ्रेझर यांनी वसवलेलं. अटलांटिकचा किनारा, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह आणि १९६९पासून पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेची स्पर्धा भरणारं हार्बर टाउन गोल्फ मैदान. पण पर्यटक गाडीचा पास काढून आत येतात. स्पर्धेच्या आठवड्यात गर्दी सोसायची तयारी हवी. उत्तरेचं हिल्टन हेड प्लँटेशन मुख्यतः कायम राहणाऱ्यांचं. तिथे समोर महासागर नाही, पोर्ट रॉयल साउंड आणि स्कल क्रीक या खाड्या आहेत. निवृत्तांना तेच मानवेल.

घर घेतलं की गोल्फ क्लबचं सदस्यत्व मिळतंच असं नाही. घरमालकांच्या असोसिएशनचं वार्षिक शुल्क मात्र चुकत नाही, मग तुम्ही काठी हातात धरा वा न धरा.

ब्रोशरमध्ये सहसा न दिसणारी गोष्ट म्हणजे दफनभूमी. गुलामांचे वंशज असलेल्या गल्ला लोकांच्या जुन्या दफनभूमी या फाटकांच्या आत अडकल्या आहेत. सी पाइन्समधली ब्रॅडॉक पॉइंटची दफनभूमी तर हार्बर टाउनच्या मैदानाला लागूनच. आपल्याच पूर्वजांना भेटायला पहारेकऱ्याला सांगून जायचं! शिवाय उत्तरेच्या वसाहतीत राहायचं, तर तिच्या नावातला ‘प्लँटेशन’ हा शब्द रोज उच्चारायचा. मला तो खुपतो, म्हणून गर्दी असूनही मी सी पाइन्स निवडेन.