शांत आणि माफक खर्चाचा होम थिएटर संगणक : सुट्या भागांची निवड आणि वर्षभराचा अनुभव

आमच्या घरी टीव्हीला जोडलेला संगणक दोन कामांसाठी लागतो. मराठी नाटकांच्या जुन्या व्हीसीडी आणि डीव्हीडी मी गेल्या काही वर्षांत एकेक करून हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या आहेत. त्या पाहणे हे पहिले काम, आणि रात्री दहानंतर वडिलांना शास्त्रीय गायनाची ध्वनिमुद्रणे ऐकवणे हे दुसरे. मारधाडीच्या चित्रपटात संगणकाच्या पंख्याची घरघर कोणाच्या लक्षात येत नाही. विलंबित ख्यालाच्या आरंभी मात्र तानपुरे जुळलेले असतात, गायक षड्ज लावण्यापूर्वी क्षणभर थांबतो, आणि नेमक्या त्या क्षणी कॅबिनेटमधला पंखा कोणत्याच पट्टीत न बसणारा आपला सूर धरून असल्याचे ऐकू येते. म्हणून या संगणकाचे भाग निवडताना मी आवाजाचा विचार सर्वांत आधी आणि वेगाचा सर्वांत शेवटी केला. खर्चाची मर्यादा २५ हजार रुपये ठरवली होती. टीव्ही, स्पीकर आणि हार्ड डिस्क घरात आधीपासून असल्यामुळे त्यांचा खर्च यात धरलेला नाही.

याआधीचा संगणक मी दुकानदाराच्या सल्ल्याने जुळवून घेतला होता. प्रोसेसर चांगला होता, पण कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ आलेला एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा पंखेवाला डबा, वर्षभरात असा गुरगुरू लागला की नाटक पाहताना आई संगणकावर चादर टाकायची, आणि त्यामुळे तो अधिक तापून अधिकच गुरगुरायचा. या वेळी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहून घेतला. त्या गजबजाटात कोणत्याही पंख्याचा आवाज पारखता येत नाही, ही तिथल्या खरेदीची मोठी अडचण आहे. तेव्हा निर्णय घरून करूनच निघावे.

निर्णय करताना पंख्यांविषयीचा एक नियम फार उपयोगी पडला. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याने ढकललेली हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. कानाला १० डेसिबलची घट आवाज जवळपास निम्मा झाल्यासारखी वाटते, हे लक्षात घेतले तर १५ डेसिबल म्हणजे किती मोठा फरक आहे ते कळते. याचा अर्थ असा की पंखा मोठा घ्यावा, तो संथ फिरवावा, आणि मुळात ढकलायची उष्णताच कमी असेल असा प्रोसेसर निवडावा. शांत संगणकाचे बहुतेक यश या शेवटच्या गोष्टीत आहे. गरम प्रोसेसर घेऊन मग नॉक्टुआसारख्या कंपनीचा महागडा कूलर बसवणे हा मार्ग निश्चित चालतो, परंतु २५ हजारांत तो परवडत नाही.

प्रोसेसरसाठी माझ्यासमोर तीन पर्याय होते. एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा आजही भक्कम आहे, पण तो ६५ वॅटच्या वर्गातला असून त्याच्या ग्राफिक्समध्ये एव्ही१ हा नवा व्हिडिओ प्रकार उलगडण्याची सोय नाही. कार्यालयांतून निघालेले, नूतनीकरण करून विकले जाणारे छोटे संगणक स्वस्त मिळतात आणि त्यांतील इंटेलच्या सातव्या पिढीपासूनचे प्रोसेसर १०-बिट एचईव्हीसी, म्हणजे ४के चित्रपटांचा नेहमीचा व्हिडिओ प्रकार, व्यवस्थित चालवतात. मात्र त्यांच्या चिमुकल्या पेटीत चिमुकलाच पंखा असतो आणि त्याचा आवाज बारीक, कानात शिरणारा असतो. तिसरा पर्याय इंटेलच्या एन१०० चा. २०२३ च्या सुरुवातीला आलेला हा प्रोसेसर चार कोअरचा आणि केवळ ६ वॅटच्या वर्गातला आहे, आणि एचईव्हीसी, व्हीपी९ व एव्ही१ हे तिन्ही प्रकार तो ग्राफिक्सच्या बळावर उलगडतो, त्यामुळे ४के चित्रपट चालू असतानाही त्याचे कोअर जवळपास मोकळे राहतात. मी हाच निवडला. त्यावर नवे खेळ खेळता येणार नाहीत, व्हिडिओ संकलनही रेंगाळेल. परंतु दिवाणखान्यातल्या या कामासाठी तो पुरून उरतो.

एन१०० सुटा मिळत नाही, मदरबोर्डवर कायमचा बसवलेलाच येतो, म्हणून खरी निवड बोर्डाची असते. आसूसचा प्राइम एन१००आय-डी डी४ आणि असरॉकचा एन१००डीसी-आयटीएक्स या दोन्हींवर पंख्याविना चालणारा हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा, आहे. आसूसच्या बोर्डाला लॅपटॉपची रॅम लागते, साटाची (हार्ड डिस्क जोडायची) जागा एकच आहे आणि वीज नेहमीच्या एसएमपीएसमधून घ्यावी लागते. असरॉकच्या बोर्डाला डेस्कटॉपची डीडीआर४ रॅम चालते, साटाच्या दोन जागा आहेत, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की त्याला लॅपटॉपसारख्या १९ व्होल्टच्या अॅडॅप्टरवर थेट वीज मिळते. म्हणजे एसएमपीएस हा भागच बाद होतो आणि त्याच्याबरोबर त्याचा पंखाही. जुन्या संगणकातली ८ जीबीची रॅम तशीच वापरता आल्यामुळे तेवढे पैसे वाचले. अॅडॅप्टर घेताना व्होल्टेजइतकीच पिनची जाडी जुळते की नाही, हे बोर्ड सोबत नेऊन पाहावे.

एसएमपीएसच्या बाबतीत आपल्याकडे एक गैरसमज पक्का रुजला आहे, तो असा की जास्त वॅटचा घेतला म्हणजे चांगला. एसएमपीएस किती कमी वीज वाया घालवतो हे सांगणाऱ्या ८० प्लस या प्रमाणपत्राच्या ब्राँझ, गोल्ड वगैरे श्रेणी पूर्ण क्षमतेच्या २० टक्के किंवा त्याहून अधिक भारावर ठरवलेल्या असतात. टायटॅनियम श्रेणीत मात्र १० टक्क्यांचाही विचार होतो. जो संगणक चित्रपट दाखवताना जेमतेम २० वॅट घेतो, त्याला ४५० वॅटचा एसएमपीएस जोडला तर तो क्षमतेच्या पाच टक्क्यांच्या आसपास चालतो, आणि तिथे तो किती वीज वाया घालवतो याविषयी खोक्यावरचे पदक काहीच सांगत नाही. ज्यांना आसूसचा बोर्ड घ्यायचा आहे किंवा मोठा प्रोसेसर हवाच आहे, त्यांनी कमी भारावर पंखा पूर्ण थांबवणारा एसएमपीएस शोधावा आणि कॅबिनेटबरोबर येणारा फुकटचा नम्रपणे परत करावा.

साठवणुकीत माझ्याकडून एक चूक झाली. प्रणालीसाठी एम.२ प्रकारची, थेट बोर्डावर बसणारी आणि आत काहीच न फिरणारी एसएसडी घेतली ते योग्यच होते, पण नाटकांची साडेतीन इंची हार्ड डिस्क मी कॅबिनेटच्याच पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवली. बाकी सगळे मुके असताना ती एकटी बोलू लागली, आणि फिरण्याच्या आवाजापेक्षा पत्र्यात उतरणारी तिची थरथर अधिक जाचक होती; लाकडी टीव्ही युनिट तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखे ती थरथर मोठी करून ऐकवत होते. रबराचे वॉशर घातल्यावर बराच फरक पडला, पण समाधान झाले नाही. शेवटी ती डिस्क आतल्या खोलीतल्या जुन्या संगणकात नेली आणि तिथून लॅनच्या वायरीने चित्रफिती आणल्या. ४के ब्लू-रेचा प्रवाह जास्तीत जास्त १२८ मेगाबिट प्रतिसेकंद असतो, त्यामुळे गिगाबिट लॅनवर काहीच अडत नाही. अनेक टीव्हींचे स्वतःचे लॅन मात्र १०० मेगाबिटचेच असते, आणि ‘टीव्हीवरच सगळे चालते, संगणक कशाला’ असे म्हणणाऱ्यांना ही मर्यादा बहुधा ठाऊक नसते.

पंख्याविना चालणारा बोर्ड म्हणजे वारा नकोच, असे मात्र समजू नये. डोंबिवलीच्या मे महिन्यात, तीन बाजूंनी बंद असलेल्या टीव्ही युनिटच्या कप्प्यात, हीटसिंकला हात लावता येत नव्हता. आर्क्टिकचा पी१२ हा १२० मिलिमीटरचा, चार पिनांचा पंखा मी कॅबिनेटच्या बाजूला लावला. तो मिनिटाला २०० ते १८०० फेऱ्यांच्या दरम्यान हवा तसा फिरवता येतो. बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमधून, तो ५०० च्या आसपास बांधून ठेवला आणि युनिटच्या मागच्या फळीला सुताराकडून हाताच्या पंजाएवढे भोक पाडून घेतले. पंख्यापेक्षा त्या भोकाचा उपयोग अधिक झाला, असे माझे प्रामाणिक मत आहे. चार पिनांचा पंखा घेण्याचा आग्रह मात्र धरावा, कारण इतक्या संथ वेगावर तीन पिनांचे बरेच पंखे सुरूच होत नाहीत. विदर्भ-मराठवाड्यात, जिथे खोलीचेच तापमान ४० अंशांच्या पुढे जाते, तिथे मी अशा बोर्डाला एका संथ पंख्याशिवाय ठेवणार नाही. कॅबिनेटला धुता येणारी जाळी असावी. आपल्याकडची धूळ दोन महिन्यांत तिच्यावर गोधडीसारखी साचते.

चित्राविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या जुन्या साहित्याची गरज वेगळी आहे. व्हीसीडीवरचे नाटक ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे आणि सेकंदाला २५ चित्रांचे असते. डीव्हीडीवर ते ७२० गुणिले ५७६ चे होते, आणि व्हिडिओ कॅमेऱ्याने टिपलेले असल्यामुळे बहुधा इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींत विभागलेले असते. टीव्ही ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांवर, ठेवला तर २५ चा भाग त्यात बसत नाही आणि रंगमंचावरून चालत जाणारे पात्र अडखळत गेल्यासारखे दिसते. चित्रफिती आणि गाणी चालवणाऱ्या कोडी या मोफत प्रणालीत चित्रफितीनुसार टीव्हीची गती आपोआप बदलण्याची सोय आहे. ती चालू केल्यावर नाटक ५० हर्ट्झवर आणि चित्रपट २४ वर चालतो, आणि हा फरक आईलाही न सांगता जाणवला. इंटरलेसच्या ओळी मिटवण्याचे कामही एन१०० विनासायास करतो. मी लिब्रेईएलईसी ही लिनक्सवर आधारलेली छोटी प्रणाली वापरतो. तिच्यात कोडी आणि त्याला लागते तेवढेच असते, त्यामुळे संगणक टीव्हीसारखा सुरू होतो.

या पर्यायाच्या दोन उणिवा स्पष्ट आहेत. प्रोसेसर बोर्डालाच जोडलेला असल्यामुळे पुढे तो बदलता येत नाही, आणि लिनक्सवर आधारलेल्या अशा प्रणालीत पैसे भरून पाहायच्या सेवा पूर्ण ४के दर्जा देत नाहीत. ज्यांच्या घरी केवळ अशाच सेवा पाहिल्या जातात, त्यांनी एवढा खटाटोप न करता टीव्हीला लावायची छोटी स्टिक घ्यावी. ती स्वस्त आहे आणि पूर्ण निःशब्द आहे. ज्यांच्याकडे स्वतःच्या डिस्क, कॅसेटवरून उतरवलेल्या मैफली आणि घरगुती चित्रफिती आहेत, त्यांच्यासाठी हा संगणक आहे.

रिमोटसाठी थोडे पैसे बाजूला ठेवावेत. डेस्कटॉपचे बहुतेक बोर्ड एचडीएमआयवरून टीव्हीच्या रिमोटची आज्ञा घेत नाहीत, म्हणून यूएसबीला लावायचा, रिमोटचा संकेत पकडणारा इन्फ्रारेड रिसीव्हर घ्यावा लागतो. त्याला मी आमच्या जुन्या डीव्हीडी प्लेअरचा रिमोट शिकवला आहे, कारण त्याची बटणे वडिलांच्या बोटांना चष्म्याशिवाय सापडतात. आता थंडीत छताचा पंखा बंद असतो आणि दहानंतर रस्ताही शांत होतो. अशा वेळी तानपुरा सुरू होईपर्यंत संगणक चालू आहे की नाही, हे त्यावरच्या निळ्या दिव्याकडे पाहूनच कळते.