‘२५ किलोपर्यंत चालेल’ म्हणे! कुत्रा-मांजराच्या घरात अलार्म, सात महिन्यांनंतर

आधी चार स्टार दिले होते, मग एकावर आणले, आता तीनवर ठेवतोय. भानगड अलार्मची नाहीच, एका प्लास्टिकच्या ब्रॅकेटची आहे. म्हणून एवढं लांबण लावावं लागतंय.

वन बीएचके, मालाड, पहिला मजला. १८ किलोचा देशी कुत्रा, ४ किलोची मांजर. चोरांसाठीच्या अलार्मचा नेहमीचा संच: पॅनल (सगळं चालवणारी मुख्य पेटी), सायरन, दाराचे चुंबकी सेन्सर आणि हॉलमध्ये एक ‘पेट इम्यून’ पीआयआर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा सेन्सर. २५ किलोपर्यंतच्या पाळीव प्राण्याला तो वाजणार नाही, असा दावा. घर बंद असताना दोन महिन्यांत अकरा वेळा सायरन वाजला. शेवटी वॉचमनने वर येणंच सोडलं.

सर्व्हिसवाल्याने पहिल्यांदा सेन्सर बदलला, व्हिजिट चार्ज ४५०. दुसऱ्यांदा सेन्सिटिव्हिटी कमी केली, पुन्हा ४५०. आणि चूक मुळात त्यांच्याच फिटिंगची! सेन्सर फिरत्या ब्रॅकेटवर बसवून खाली झुकवलेला. ‘कव्हरेज चांगलं मिळतं, सर.’ साध्या पीआयआरला चालेल एखादवेळ. पेट इम्यूनला ब्रॅकेट लावू नका, हे त्यांच्याच मॅन्युअलमध्ये चित्रासकट छापलंय.

सेन्सरला वजन कळत नाही. लेन्समुळे खोलीचे अदृश्य पट्टे पडतात आणि उबदार अंग एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेलं की सेन्सर जागा होतो. पेट इम्यून लेन्समध्ये जमिनीलगतचे पट्टे गाळलेले किंवा मंद केलेले असतात. हे सगळं गणित सेन्सर भिंतीला सपाट आणि ठरल्या उंचीवर आहे असं धरून मांडलेलं. पुढे झुकवला की माणसाच्या छातीसाठी ठेवलेले पट्टे थेट कुत्र्याच्या पाठीवर उतरतात. मग खोक्यावर २५ किलो लिहा नाहीतर ३६.

ब्रॅकेट काढलं, दोन स्क्रूंनी सेन्सर सात फुटांवर सपाट बसवला (उंची आपापल्या मॉडेलची बघा). मग वॉक टेस्ट, म्हणजे सेन्सरसमोर चालून तो जागा होतो का ते बघायचं. इथे एक फसगत होते: बऱ्याच वायरलेस पीआयआर बॅटरी वाचवायला एकदा वाजल्यावर सुमारे तीन मिनिटं झोपतात. तेवढ्यात कुत्रा फिरवला आणि सेन्सरचा दिवा लागला नाही, तर ‘झालं काम’ असं वाटतं. टेस्ट मोड लावा, नाहीतर दर फेरीआधी तीन मिनिटं थांबा. शिवाय सेन्सरच्या दिशेने चालू नका, आडवं चाला. पीआयआर आडवी हालचालच नीट पकडतो.

त्यानंतर कुत्र्यामुळे एकदाही वाजला नाही. इथे खरं तर चार स्टार परत द्यायचे होते.

पण मांजर! फ्रिजवर, सोफ्याच्या पाठीवर, माळ्याच्या कडेवर. वर चढली की मंद पट्ट्यांचा काय उपयोग? शिवाय सेन्सरपासून सहा फुटांच्या आत आली, तर ४ किलोची मांजरही त्याला माणसाएवढी दिसते. फ्रिज समोरच्या भिंतीला हलवल्यावर त्रास निम्म्यावर आला, संपला नाही. दुकानदार यावर मायक्रोवेव्ह (रडारसारख्या लहरींनी हालचाल टिपणारं तंत्र) जोडलेला ड्युअल सेन्सर सुचवतात. पंख्याने हलणारा पडदा किंवा एसीचा झोत यासाठी तो चांगला, कारण दोन्ही तंत्रं एकदम पटली तरच वाजतो. पण मांजर उबदारही असते आणि हलतेही, ती दोन्ही परीक्षा पास होते. त्यासाठी जादा पैसे घालू नका.

फक्त कुत्रा असेल तर पेट इम्यून घ्या. मांजर असेल तर हॉलचा पीआयआर विसरा आणि तेच पैसे घराच्या कडेला, दारं-खिडक्यांवर लावा: दाराला चुंबक, स्लायडिंग खिडक्यांना चुंबक, ग्रिलला व्हायब्रेशन सेन्सर. बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकी सगळे विसरतात. बाहेर ड्रेनेजचा पाइप आणि आतल्या पट्ट्या हाताने सरकवून निघणाऱ्या. चुंबक लावायला तिथे हलती फ्रेमच नसते. तिला आतून ग्रिलच हवं.

पावसाळ्याचंही बघा. दुहेरी टेपवर चिकटवलेले चुंबक जुलैत सुटतात, स्क्रूच मारा. लाकडी दार फुगून नीट बसेनासं झालं की चुंबकातलं अंतर वाढतं आणि पॅनल ‘दार उघडं’ म्हणत बसतं. वायरचं भोक सिलिकॉनने बुजवा, मुंग्या आत घर करतात. आणि पाल! ब्रॅकेटमागच्या फटीत राहायची, लेन्सवरून फिरली की सायरन. अकरापैकी दोन वेळा तीच असावी. म्हणजे ब्रॅकेटचा तोही प्रताप.

पॅनलमधला मॉडेम टूजी आहे, त्यामुळे जिओचं सिम चालत नाही, खरेदीआधी विचारा.

९०० रुपये परत मागितले तर ‘एएमसीमध्ये (वार्षिक देखभाल करारात) वळते करून देतो’ असं उत्तर आलं. एएमसी ३,२०० ची. एक स्टार त्याचा कापलाय, ब्रॅकेट खोक्यात पडून आहे.