कॉन्फरन्समधल्या नेटवर्किंगचा फायदा कुणाला, कधी: वर्षभरानंतरचं मत

गुंतवणूकदार भेटतील या आशेने कॉन्फरन्सची तिकिटं काढत असाल, तर ते पैसे वाचवा. पण आपल्या क्षेत्रात खरेदीचा निर्णय नेमका कोण घेतं, कशापायी अडवून धरतं, हे जाणून घ्यायचं असेल, तर जरूर जा. वर्षभर वेगवेगळ्या कॉन्फरन्स केल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

आम्ही औषधांच्या साठवणुकीसाठी तापमानाची सतत नोंद ठेवणारे सेन्सर आणि त्यांचं सॉफ्टवेअर बनवतो. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागतात. तापमान त्या बाहेर गेलं की संबंधितांच्या फोनवर लगेच इशारा जातो. आम्ही दोघंही संस्थापक इंजिनिअर, विक्रीचा अनुभव कुणालाच नाही. म्हणून कॉन्फरन्सकडून अपेक्षा मोठ्या होत्या.

आधी स्टार्टअपांच्या मोठ्या कॉन्फरन्सबद्दल. माहोल जबरदस्त असतो, दोन दिवस अंगात वीज संचारते. पण आमच्यासारख्यांना तिथे हाती फारसं लागत नाही, कारण सगळेच काहीतरी विकायला आलेले असतात. गुंतवणूकदारांचा दिवस आधी ठरलेल्या भेटींमध्येच संपतो. हेलसिंकीतल्या स्लश या स्टार्टअप कॉन्फरन्ससारख्या ठिकाणी तर भेटी आधीच ठरवून घेण्याची रीतसर सोय असते. आपणही तसंच करावं, नाहीतर कॉफीच्या रांगेत कुणीतरी भेटेल या भरवशावर राहावं लागतं.

अशा कॉन्फरन्सच्या बाजूने ट्विटरचं उदाहरण हमखास दिलं जातं. २००७ मध्ये साउथ बाय साउथवेस्ट या अमेरिकेतल्या महोत्सव-कॉन्फरन्सला ट्विटर गाजलं, हे खरंच आहे. पण ते सुरू झालं होतं २००६ मध्येच. साउथ बाय साउथवेस्टला त्यांनी मार्गिकांमध्ये मोठे पडदे लावले आणि आलेल्या लोकांचे संदेश त्यावर दाखवले. म्हणजे वापरणारी माणसं त्याच इमारतीत फिरत होती. आमचे वापरणारे तिथे नसतात. ते असतात औषध-गुणवत्ता आणि शीतसाखळीच्या (म्हणजे औषधं थंड ठेवून साठवण्या-पोचवण्याच्या व्यवस्थेच्या) कॉन्फरन्सना, जिथे व्यासपीठावरची भाषणं रटाळ असतात आणि स्टार्टअपवाले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

आम्हाला खरं मोल मिळालं ते तिथेच. एका जेवणाच्या टेबलावर एका कंपनीच्या गुणवत्ता विभागप्रमुख शेजारी बसल्या होत्या. मी उत्साहाने आलेख दाखवले. त्या म्हणाल्या, "आलेख छान आहेत हो, पण सेन्सरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट कुठल्या लॅबचं?" म्हणजे सेन्सरचं मापन अचूक आहे हे कुणी तपासलंय? आयएसओ/आयईसी १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र नसेल, तर आमची फाइल त्यांच्या टेबलावरून पुढे सरकणारच नव्हती. त्याआधी आम्ही महिनोन् महिने आयटीवाल्यांना आणि गोदाम व्यवस्थापकांना डेमो देत होतो. त्यांना उत्पादन आवडायचं, पण नकाराचा अधिकार गुणवत्ता विभागाकडे. कुठल्याही बाजारपेठेच्या अहवालात हे लिहिलेलं नसतं. पुढच्याच आठवड्यात आम्ही माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर प्रमाणपत्र आणलं, आणि तेव्हापासून बैठकांचा सूर बदलला.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की नवी माहिती बहुधा जुजबी ओळखींतून येते, कारण जवळच्या माणसांना आपल्याला ठाऊक असतं तेच ठाऊक असतं. २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो नोकरी बदलण्याबद्दल होता, पण त्यातही अगदी घट्ट ओळखींपेक्षा काहीशा सैल ओळखी जास्त उपयोगी ठरल्या. अगदीच नावापुरत्या ओळखी मात्र तितक्या कामाच्या नव्हत्या. बॅजवरचे क्यूआर कोड स्कॅन करून नावांचा ढीग जमवणं मला म्हणूनच निरर्थक वाटतं. एका माणसाशी अर्धा तास बोलावं, त्याने विचारलेली एक गोष्ट त्याच रात्री टिपून ठेवावी आणि आठवड्याच्या आत तेवढीच पाठवावी, सोबत विक्रीची पत्रकं नकोत. आमची टिकलेली प्रत्येक ओळख अशीच टिकली आहे, आणि तिचं फळ मिळायला काही महिने गेलेत. तोपर्यंत धीर धरावा लागतो.

ओळखीच्यांच्या घोळक्यात रमणं हा मोठा धोका आहे. पॉल इन्ग्राम आणि मायकेल मॉरिस यांनी २००७ च्या संशोधनात एका मेळाव्यातल्या व्यावसायिकांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले लावून कोण कुणाशी बोलतं ते मोजलं होतं. नवी माणसं भेटावीत म्हणून आलेले लोक बराच वेळ जुन्या ओळखीच्यांशीच बोलत राहिले. आम्ही दोघं त्यामुळे जेवायला ठरवून वेगवेगळ्या टेबलांवर बसतो.

हार्डवेअर किंवा नवी पद्धत असणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना: स्टॉलवर काही उघड करण्याआधी पेटंटचा अर्ज करा. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यानंतर अर्ज करायला एक वर्षाची सवलत मिळते. युरोपात मात्र अर्जाआधीचं जाहीर प्रदर्शन, मोजके अपवाद सोडले तर, पेटंटसाठी लागणारं नावीन्यच संपवतं. गोपनीयतेचा करार न करता स्टॉलवर कुणालाही समजावून सांगितलेला तपशीलही त्यात येतो.

पुढच्या वर्षी स्टार्टअप कॉन्फरन्सचं तिकीट काढणार नाही. त्या पैशांत आमच्या सपोर्ट इंजिनिअरला गुणवत्ता कॉन्फरन्सला नेणार आहोत, स्टॉल न घेता. ग्राहकांचे फोन रोज तोच घेतो, त्यामुळे तिथल्या माणसांना काय विचारायचं हे आम्हा दोघांपेक्षा त्याला जास्त कळतं.