मोटॅबिलिटीची इलेक्ट्रिक गाडी आणि हँड कंट्रोल : वर्षभराच्या वापरानंतर

गाडी चांगली आहे, पण समोरच्या काचेवरची वाफ घालवायला तिच्यात बटण नाही. वर्षभर चालवून झाल्यावर पहिलं वाक्य हेच लिहावंसं वाटलं. रेंज किती, डिकी केवढी, चार्ज व्हायला किती वेळ लागतो, हे सगळीकडे वाचायला मिळतं, ते मी पुन्हा लिहीत नाही. माझ्या दोन्ही पायांत लहानपणापासून पोलिओ आहे. कॅलिपर (पायाला बांधायचा धातूचा आधार) आणि कुबड्या लावून चालते, गाडी हातांनी चालवते, इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. गाडी मोटॅबिलिटीची, म्हणजे अपंगांना सरकारी भत्त्याच्या बदल्यात गाडी देणाऱ्या इथल्या स्कीमची. अशा माणसाने रोज वापरली तर ही गाडी कशी वाटते, तेवढंच सांगते.

ज्यांनी हँड कंट्रोल पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्टीअरिंगच्या उजव्या बाजूला एक लिव्हर असतो. पुढे ढकलला की ब्रेक, स्वतःकडे ओढला की वेग. इंडिकेटरचं बटण त्या लिव्हरवरच बसवून देतात. डावा हात स्टीअरिंगवर लावलेल्या नॉबवर, त्या एका हाताने पूर्ण गाडी वळवायची. म्हणजे चाकं फिरत आहेत तोवर माझे दोन्ही हात गुंतलेले. पायाने चालवणाऱ्याचा डावा हात कधीही मोकळा होतो, त्याला मधली स्क्रीन दाबायला काही वाटत नाही. माझं तसं नाही. आणि या गाडीत हीटर, पंखा, काचेची वाफ, सगळं त्या स्क्रीनमध्ये घातलंय. आधी एक खूण दाबायची, मग उघडलेल्या पानावर दुसरी.

गेल्या नोव्हेंबरात संध्याकाळी एम ६९ मोटरवेवरून कॉव्हेंट्रीहून परत येत होते. पाऊस, अंधार, डावीकडे लांबलचक ट्रक आणि त्याच्या चाकांतून उडणारा फवारा. मागच्या सीटवर भिजलेले कोट. काच खालच्या कोपऱ्यांतून पांढरी होत वर चढायला लागली. उजवा हात सोडला तर लिव्हर मूळ जागी जाऊन गाडी एकदम मंदावते, आणि मागे कोणीतरी चिकटून येत असतं. डावा हात सोडला तर स्टीअरिंग कोण धरणार? मी नॉब सोडून झटकन एक बोट मारलं, पान उघडलं, हात परत नॉबवर, पुन्हा बोट मारलं तोवर पान मिटलेलं. असं करत करत काच साफ झाली तेव्हा माझ्या मानेला घाम आला होता. माझ्या आधीच्या साध्या पेट्रोल गाडीत एक चौकोनी बटण होतं, न बघता सापडायचं, बोटाने चाचपून दाबलं की काम झालं.

यावर मला लोक दोन उपाय सांगतात. एक, क्लायमेट ऑटोवर ठेवा. ठेवते. पण ओले कपडे घालून तीन माणसं आत बसली की ऑटोला जाग यायला वेळ लागतो. दुसरा, क्रूझ कंट्रोल लावा म्हणजे उजवा हात मोकळा. कोरड्या रस्त्यावर ठीक आहे. समोरचं दिसत नसताना वेग यंत्रावर सोपवणं मला पटत नाही आणि पटणारही नाही. आवाजाने हुकूम देण्याची सोय आहे, ती मात्र माझ्या सांगलीच्या इंग्रजीलाही बऱ्यापैकी दाद देते. हल्ली तेच वापरते. पण मुलगी गाणी लावून बसली असेल किंवा पाऊस टपावर जोरात वाजत असेल तर तेही ऐकत नाही.

आता गाडी निवडली कशी ते सांगते, कारण बऱ्याच जणांचा प्रश्न तोच असतो. पिप या अपंगत्व भत्त्यातला मोबिलिटीचा, म्हणजे हालचालीसाठीचा, वरचा दर मंजूर असला आणि तो किमान बारा महिने पुढे चालणार असला की या स्कीममध्ये गाडी घेता येते. २०२५-२६ साली हा दर आठवड्याला ७७.०५ पौंड होता. तो आपल्या हातात न येता थेट स्कीमकडे जातो आणि बदल्यात तीन वर्षं गाडी, विमा, सर्व्हिसिंग, टायर, ब्रेकडाउन सगळं मिळतं. महागडी गाडी हवी तर वर अ‍ॅडव्हान्स पेमेंट भरायचं, ते परत मिळत नाही. मी यादी उघडली आणि जिथे अ‍ॅडव्हान्स शून्य किंवा शून्याजवळ आहे तेवढ्याच गाड्या पाहिल्या. तीन वर्षांनी परत द्यायच्या गाडीवर वरचे दोन-तीन हजार पौंड घालायला माझं मन होत नाही.

शोरूममध्ये जाताना शिवणकामाची टेप नेली. जमिनीपासून सीटची उंची मोजली, दार किती उघडतं ते मोजलं, आणि उंबरठा, म्हणजे दाराखालची ती पट्टी, किती रुंद आहे तेही. कॅलिपर गुडघ्यात लॉक असतो. मी आधी पाठमोरी सीटवर बसते, लॉक सोडते, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेते. पट्टी रुंद असेल तर बुटाची टाच तिच्यावर अडकते आणि पाय अर्ध्यात लोंबकळतो. सेल्समन बराच वेळ बॅटरीबद्दल सांगत होता, मी तेवढ्या वेळात चार गाड्यांत बसून उठून पाहिलं. ही गाडी त्यात अगदी बरोबर बसली. सीट ना खोल ना उंच, दार पूर्ण उघडतं. या बाबतीत आजही तिला पैकीच्या पैकी गुण. पण शोरूममध्ये हँड कंट्रोल लावलेली गाडी ट्रायलला नव्हती, मुलीने चालवली आणि मी शेजारी बसले. शेजारच्या सीटवरून स्क्रीन छानच वाटते.

दुसरी तक्रार लेन असिस्टची. रेघेजवळ गेलं की गाडी स्वतःच स्टीअरिंगला हिसका देते. दोन हातांनी चाक धरणाऱ्याला तो हलका धक्का वाटेल, एका नॉबवर सगळी भिस्त असणाऱ्याच्या मनगटाला तो खरोखर लागतो. शिवाय वेगमर्यादा एका मैलाने ओलांडली तरी टिंगटिंग. हे दोन्ही बंद करता येतं, पण गाडी बंद करून परत सुरू केली की पुन्हा चालू. म्हणजे दर वेळी निघण्याआधी स्क्रीनमध्ये जाऊन दोन गोष्टी बंद करायच्या. पहिले काही महिने माझं या गाडीबद्दलचं मत फार वाईट होतं ते यामुळे.

मग उन्हाळ्यात एके सकाळी स्क्रीन काळी झाली. वेग दाखवणारी छोटी पट्टी चालू होती, बाकी हीटर, कॅमेरा, सगळं गेलं. गॅरेजने गाडी ठेवून घेतली आणि सांगितलं, हँड कंट्रोल बसवणाऱ्याने वायरिंगला हात लावल्यामुळे असं झालं. बसवणारा म्हणाला, आमची फक्त इंडिकेटरची वायर आहे, स्क्रीनशी संबंधच नाही. दोघांच्या टोलवाटोलवीत दोन-अडीच आठवडे गेले. बुकिंग करताना मी हँड कंट्रोल पाहिजे असं दोनदा सांगितलं होतं, तरी गॅरेजने जी बदली गाडी पाठवली ती साधी पायाची. ती आमच्या दारात उभी, आणि मी कामाला टॅक्सीने जातेय. मला याचा जो संताप आला तो अजून पूर्ण गेलेला नाही. पाय चालत असते तर ही गाडी माझ्याकडे आलीच नसती, एवढी साधी गोष्ट सर्व्हिस डेस्कवरच्या माणसाला कळू नये? शेवटी मी बसवणाऱ्याचा जॉब शीट, त्यातली वायरींची नोंद आणि माझ्या बुकिंगची ईमेल असं सगळं एकत्र लावून मॅनेजरला पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सॉफ्टवेअर नव्याने टाकलं आणि स्क्रीन चालू झाली. वायरिंगचा प्रश्न कधी नव्हताच.

पण त्या नव्या सॉफ्टवेअरमुळे स्टीअरिंगवरच्या चांदणीच्या बटणाला आपल्याला हवं ते काम नेमून देता यायला लागलं. मी तिथे लेन असिस्ट बंद करणं नेमलं. ते बटण डाव्या अंगठ्याखाली येतं, आणि नॉब चाकावरच असल्यामुळे चाक कितीही वळलं तरी बटण अंगठ्याच्या जवळच राहतं. तेव्हापासून माझं मत बरंच बदललं. टिंगटिंग अजून स्क्रीनमधूनच बंद करावी लागते, ती मी सहन करते. वाफेचं काम मात्र त्या चांदणीला देता येत नाही. यादीत गाण्यांचा स्रोत बदलणं आहे, आतल्या दिव्यांचा रंग बदलणं आहे, काचेवरची वाफ नाही. हे ज्याने ठरवलं त्याला मी पावसाळी संध्याकाळी एम ६९ वर शेजारी बसवायला तयार आहे.

आता जे कुठल्याही ब्रोशरमध्ये वाचलं नव्हतं ते. इलेक्ट्रिक गाडीत लिव्हर ओढला की चालते आणि सैल सोडला की मोटर स्वतःच गाडी हळू करते, त्यातून बॅटरीत थोडी वीजही परत जाते. पायाने चालवणारे याला वन पेडल म्हणतात. आमच्यासाठी ही खरी देणगी आहे. पोलिओ होऊन काही दशकं झाली की पुष्कळ जणांना नव्याने अशक्तपणा येतो, डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ म्हणतात. माझे खांदे आयुष्यभर कुबड्यांचं ओझं वाहत आलेत. पेट्रोल गाडीत गावातल्या गर्दीत दर सिग्नलला लिव्हर ढकलून धरायचा, घरी येईपर्यंत उजवा खांदा ठणकायचा, रात्री शेक घ्यावा लागायचा. आता गावात मी ब्रेक क्वचितच ढकलते. शेकाची पिशवी कपाटात गेली आहे. हँड कंट्रोल वापरणाऱ्या कोणालाही मी एवढ्या एका कारणासाठी इलेक्ट्रिक घ्या असं सांगेन.

दुसरा आनंद पेट्रोल पंपाचा. सांगलीत कॉलेजला असताना माझी साइड व्हील लावलेली कायनेटिक होंडा होती. पंपावर नुसतं थांबायचं, पोरगा येऊन टाकी भरायचा. इथे सगळं आपलं आपण. पावसात कुबड्या काढा, उतरा, नळी ओढा, आत जाऊन पैसे द्या. हॉर्न वाजवून आतल्या माणसाची वाट बघण्यात मी पूर्वी फार वेळ घालवला आहे. आता रात्री घरी वायर लावते. घरचा चार्जर बसवण्याचा खर्च स्कीमनेच केला, मी तो माझ्या कमरेच्या उंचीवर लावून घेतला. रात्रीच्या स्वस्त दरात युनिटला दहा पेन्सच्या आत पडतं.

बाहेरच्या चार्जिंगबद्दल मात्र माझं मत सुरुवातीला होतं तेच आहे. मोटरवेवरच्या फास्ट चार्जरला युनिटला सत्तर-ऐंशी पेन्स, त्यात व्हॅट २० टक्के, घरच्या विजेवर मात्र ५. म्हणजे ज्याला घरासमोर गाडी लावायला जागा नाही तो गरीब माणूस जास्त भरतो. केबल जाड आणि जड, चार्जर उंच कट्ट्यावर, भोवती लोखंडी खांब, दोन गाड्यांमध्ये कुबडी टेकायला जागा नाही. चार्जर अपंगांना वापरता यावेत म्हणून २०२२ मध्ये पास १८९९ नावाचं मानक निघालं, मोटॅबिलिटीनेच त्यात पुढाकार घेतला होता. ते कागदावरून रस्त्यावर यायला हवं. लांब जायचं असेल तर मी मुलीला बरोबर नेते.

पैशांचं. ७७.०५ गुणिले बावन्न म्हणजे वर्षाला चार हजार पौंडांच्या आसपास, तीन वर्षांत बारा हजार, आणि शेवटी हातात गाडी नाही. माझा भाऊ दर फोनवर हे ऐकवतो. त्याला माझं उत्तर असं की विमा, टायर, सर्व्हिसिंग बाजारभावाने धरून बघ. आणि पूर्ण बिघाड झाला तर माझ्या खिशातून काही जात नाही, याची किंमत पण धर. ज्याला वर्षाला अगदी थोडं फिरायचं आहे त्याने मात्र पैसे हातात घ्यावेत आणि जुनी गाडी विकत घ्यावी, त्याला हे परवडत नाही. शिवाय फेरतपासणीत पिप बंद झालं तर गाडीही जाते. ही भीती तीन वर्षं मनात राहते.

आपल्याच काही मंडळींनी मला ‘तुला काय, फुकट गाडी’ असं म्हटलंय. ती फुकट नाही, भत्ता सोडून घेतलेली आहे. १९७७ मध्ये ही स्कीम निघाली त्याआधी इथलं सरकार अपंगांना फिकट निळी, एकाच सीटची तीनचाकी द्यायचं, इनव्हाकार. शेजारी कोणी बसूच शकत नसे. माझ्या सांगलीतल्या स्कूटरवर निदान मागे आई बसायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये स्कीमने बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी वगैरे यादीतून काढल्या. मला त्यांचं काही नाही, मी कधी घेतल्या नसत्या. पण जुलै २०२६ पासून अ‍ॅडव्हान्स पेमेंटवर व्हॅट लागायचा निर्णय त्याच महिन्यातल्या बजेटमध्ये झाला, त्याचं दुःख आहे. उंच माणसाला, मोठी चाकाची खुर्ची डिकीत घालावी लागणाऱ्याला अ‍ॅडव्हान्सवाली गाडी हौस म्हणून लागत नाही.

पुढची गाडी निवडताना मी आधी ड्रायव्हिंग मोबिलिटी या अपंग चालकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या केंद्रात जाणार आहे. देशभर त्यांची केंद्रं आहेत, तिथे वेगवेगळी हँड कंट्रोल लावलेल्या गाड्या चालवून बघता येतात. त्यानंतर शोरूम. आणि तिथे टेप काढण्याआधी ड्रायव्हरच्या सीटवर बसून, उजवा हात लिव्हरच्या जागी, डावा स्टीअरिंगवर ठेवून, काचेच्या वाफेचं बटण मान न वळवता सापडतं का ते बघेन. नाही सापडलं तर ती गाडी यादीतून बाद, अ‍ॅडव्हान्स शून्य असला तरी.

डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर वापरणाऱ्यांना यातलं स्क्रीनचं रडगाणं फारसं लागू नाही, तुमचा एक हात मोकळा असतो. उंबरठ्याची रुंदी आणि सीटची उंची मात्र मोजून घ्या, आणि बदली गाडीत तुमचं अडॅप्टेशन, म्हणजे तुमच्यासाठी बसवलेली सोय, असणार हे गॅरेजकडून फोनवर नाही, लेखी घ्या.