शेरे आले: लगेच दुरुस्ती की आधी वाचन?

विज्ञानकथेवरच्या विनोदी श्रुतिकेचा, म्हणजे फक्त ऐकायच्या नाटकाचा, मसुदा चौघांना दिला की दहा शेरे परत येतात. मग दोन वाटा. एक, शेरा वाचला की तिथल्या तिथे ओळ बदलायची. दुसरी, काहीच न बदलता संहिता चार आवाजांत मोठ्याने वाचून घ्यायची आणि मगच पेन उचलायचं.

पहिली वाट झटपट. नाव किंवा तपशील चुकला असेल तर तीच बरी. पण ‘इथे हसू आलं नाही’ या शेऱ्यावर ती फसते. समजा, पृथ्वीवरची बायको मंगळावरच्या नवऱ्याशी भांडतेय. संदेश पोचायला अंतरानुसार साधारण ३ ते २२ मिनिटं लागतात, त्यामुळे त्याचं ‘सॉरी’ येतं तेव्हा भांडणाचा विषयच बदललेला असतो. वाचणारा म्हणतो, ‘विनोद कळला नाही.’ आपण घाबरून निवेदकाच्या तोंडी खुलासा घालतो आणि विनोद मरतो. वाचनात खरं दुखणं सापडतं: मध्ये वेळ गेलाय हे कानाला कळतच नव्हतं. कंसातलं ‘यानात लाल दिवा लागतो’ श्रोत्याला कुठून दिसणार? तिथे थोडी खरखर आणि एक ‘टुंऽग’ पुरतं.

दुसऱ्या वाटेला वेळ लागतो, आणि वाचणारा कसलेला असेल तर पडेल ओळही तारून नेतो, हा धोका आहेच. तरी विनोदावरच्या शेऱ्यांसाठी मी तीच धरेन. कुठे खुपलं हे शेरा देणारा बहुधा बरोबर सांगतो, उपाय मात्र क्वचितच. त्याला उत्तर ‘धन्यवाद, बघतो’ एवढंच. वाद घालायचा मोह आवरत नसेल, तर वादातलं ते वाक्य श्रुतिकेतल्या एखाद्या यंत्रमानवाच्या तोंडी द्यावं.